रिचर्ड टेम्पलच्या कारकिर्दीकडे नालवाडीहून पाहताना

वर्धा शहराला लागून असलेल्या नालवाडीचे नाव महाराष्ट्राला ठाऊक झाले ते विनोबांमुळे. १९३२ साली ते इथे राहायला आले आणि सूत कातून मिळणाऱ्या मजुरीतच पोट भरायचे, हा प्रयोग त्यांनी याच वस्तीत केला. १९३४ साली ग्राम सेवा मंडळ इथे उभे राहिले. गोपाळराव वाळुंजकरांचे चर्मालयही इथलेच. अशा गावाच्या अंगाने एखाद्या इंग्रज गव्हर्नराच्या कारकिर्दीचा अभ्यास मांडायचा म्हटले, तर वाचक पहिल्याच पानावर थबकेल, आणि त्याचे थबकणे रास्त आहे. गव्हर्नर मुंबईत, कलकत्त्यात, मद्रासेत राहिले. त्यांचे पुतळे त्या शहरांत उभे राहिले आणि त्यांची चरित्रे लंडनात छापली गेली. नालवाडीशी त्यांचा संबंध काय? माझे उत्तर असे की नालवाडी ज्या जिल्ह्यात आहे तो जिल्हा, नालवाडीच्या शेजारी वसलेले शहर, त्या शहरातून जाणारा लोहमार्ग आणि या सगळ्या मुलखातल्या जमिनीची मालकी कोणाची हे ठरवणारा कागद, या चारही गोष्टी १८६२ ते १८६७ या पाच वर्षांत आकाराला आल्या. त्या पाच वर्षांत नागपूरच्या गादीवर, म्हणजे मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरपदावर, रिचर्ड टेम्पल होता. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला. एका माणसाची कारकीर्द आणि एका मुलखाचे नशीब यांची गाठ इतक्या उघडपणे पडलेली विदर्भात दुसरीकडे क्वचितच दिसेल.

टेम्पलचा जन्म १८२६ चा, इंग्लंडातल्या वुस्टरशायरमधला. रग्बी आणि हेलीबरी इथे शिकून तो कंपनीच्या नोकरीत आला, पंजाबात जॉन लॉरेन्सच्या हाताखाली तयार झाला, जेम्स विल्सन हिंदुस्थानचा खजिना सावरायला आला तेव्हा, १८६० साली, त्याचा मदतनीस झाला. मध्य प्रांतानंतर हैदराबादचा रेसिडेंट, परराष्ट्र खात्याचा सचिव, व्हाइसरॉयच्या मंडळात अर्थमंत्री, १८७४ साली बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर, १८७७ साली मद्रासकडे पाठवलेला दुष्काळ-प्रतिनिधी, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यापासून मार्च १८८० पर्यंत मुंबईचा गव्हर्नर, अशी ही चढती कमान आहे. एकोणिसाव्या शतकात एवढ्या निरनिराळ्या प्रांतांचा आणि खात्यांचा कारभार एकाच हाताखालून गेल्याची उदाहरणे फार थोडी. कोणी म्हणेल, वर्ध्याच्या काळात तो गव्हर्नर नव्हताच. ते खरे आहे. मध्य प्रांताला गव्हर्नर हे पद मिळाले १९२० साली आणि त्यावर पहिला बसला तो फ्रँक स्लाय. पण चीफ कमिशनरला गव्हर्नरापेक्षा मान कमी असला तरी प्रांतात त्याचा हात जास्त मोकळा होता. मुंबईच्या गव्हर्नराला कौन्सिल होते, विधिमंडळ होते, हायकोर्ट होते, टीका करणारी वर्तमानपत्रे होती. नागपूरच्या चीफ कमिशनरला यातले काहीच नव्हते. त्याच्यावर फक्त कलकत्त्याचे सरकार होते.

मला या अभ्यासात जे एकच म्हणायचे आहे ते या शेवटच्या वाक्यात आहे. टेम्पल आळशी नव्हता, लाचखाऊ नव्हता, मूर्ख तर नव्हताच. त्याच्या कामाचा झपाटा, घोड्यावरून पालथा घातलेला मुलूख, रात्री बसून लिहिलेले अहवाल पाहिले की कर्तबगारी नाकारण्याची सोय उरत नाही. पण ज्यांच्यावर तो राज्य करीत होता त्यांना तो जाब देत नव्हता. जाब द्यायचा तो वर. त्यामुळे त्याची कर्तबगारी रयतेच्या कामी येईल की रयतेवरच उलटेल, हे रयतेच्या हाती नव्हते आणि बऱ्याच अंशी त्याच्याही हाती नव्हते. वरून जी इच्छा आली तिला त्याने आपली सगळी बुद्धी आणि सगळे बळ दिले. इच्छा दयेची असेल तेव्हा तो दयाळू ठरला, काटकसरीची असेल तेव्हा कठोर ठरला. म्हणून गव्हर्नराची कारकीर्द त्याच्या स्वभावावरून वाचणे पुरेसे नाही. तो कोणाला उत्तर देत होता आणि त्याच्या उत्तराची किंमत कोणी भरली, या दोन गोष्टींवरून ती वाचली पाहिजे.

आधी जिल्हा घेऊ. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पाठोपाठ डलहौसीने वारस नाही म्हणून राज्य खालसा केले. १८६१ च्या नोव्हेंबरात नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदा प्रदेश जोडून मध्य प्रांत हा नवा प्रांत झाला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला हिंदी, मध्ये गोंडांचे डोंगर. कलकत्त्याला सोयीचे म्हणून हे एकत्र बांधले गेले. पहिला चीफ कमिशनर कर्नल एलियट. १८६२ च्या एप्रिलमध्ये त्याच्या जागी टेम्पल आला. त्याच वर्षी नागपूर जिल्ह्यातून वर्धा वेगळा काढला गेला. नागपूर जिल्हा एका अधिकाऱ्याला झेपण्यापेक्षा मोठा होता हे एक कारण, आणि वर्धा नदीच्या या खोऱ्यातल्या कापसावर जवळून नजर हवी होती हे दुसरे. कचेरी प्रथम पुलगावजवळच्या कवठ्याला होती. १८६६ साली ती पालकवाडी नावाच्या लहानशा गावाच्या जागेवर हलवली, रुंद सरळ रस्ते आखले आणि नदीचे नाव शहराला दिले. पौनार शेजारी होते, धाम नदीच्या काठचे, किल्ल्याचे, जुन्या इतिहासाचे. ते कडेला राहिले आणि नकाशावर नव्याने आखलेल्या ठिकाणी जिल्ह्याचे केंद्र गेले. नालवाडीसारख्या आसपासच्या गावांचा बाजार, कोर्ट, तहसील, दवाखाना सारे त्या दिवसापासून एका नव्या दिशेला वळले.

पण शहर आणि सरहद्द या वरवरच्या गोष्टी झाल्या. खरा बदल जमिनीत झाला. भोसल्यांच्या अमलात गावचा पटेल हा गावाचा वसूल गोळा करून सरकारात भरणारा माणूस होता. गाव त्याच्याकडे ठेक्याने असे, ठेका थोड्या मुदतीचा असे, आणि बोली चढली तर गाव दुसऱ्याकडे जाई. त्याला मान होता, वजन होते, जुलूम करायला वाव होता. पण गाव विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क नव्हता, कारण गाव त्याच्या मालकीचे नव्हते. इंग्रजी बंदोबस्तात याच पटेलाला आणि ठेकेदाराला मालगुजार म्हणून जमिनीचा मालक ठरवण्यात आले. ठरलेला सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला आणि त्याबरोबर गाव विकण्याचा, गहाण टाकण्याचा, वारसांना वाटून देण्याचा हक्कही दिला. जुन्या मजबूत कब्जाच्या काही शेतकऱ्यांना मालिक मकबुजा हा हक्क मिळाला, म्हणजे आपापल्या शेतापुरती मालकी. बाकीचे कुळे झाले. गावठाण, चराई, सरपण, पाणी यांच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात उतरवल्या गेल्या. वर्धा जिल्ह्याच्या या बंदोबस्ताचे काम रिव्हेट-कारनॅक या तरुण अधिकाऱ्याने केले आणि ते टेम्पलच्या नजरेखाली झाले.

इथे एक आक्षेप अगदी योग्य आहे. मालकी देण्याचा निर्णय टेम्पलचा नव्हता. वायव्य प्रांतातला नमुना आधीच ठरलेला होता आणि नागपूरच्या मुलखात तो लावण्याचे तत्त्व टेम्पल येण्यापूर्वी मान्य झाले होते. मग त्याचा दोष कोणता? दोष शोधण्यासाठी मी हे सांगत नाही. उलट हा आक्षेप माझ्या म्हणण्याला पुरावा देतो. दुसऱ्या मुलखातल्या अनुभवावरून ठरलेली एक कल्पना, जिथे ती लागू करायची तिथल्या एकाही शेतकऱ्याला न विचारता, एका अत्यंत कार्यक्षम माणसाने अत्यंत वेगाने गावोगाव पोचवली. कमी कर्तबगार माणूस असता तर काम रेंगाळले असते, चुका झाल्या असत्या, कदाचित कोणाच्या तरी मनात शंका आली असती. टेम्पलच्या झपाट्याने शंकेला सवड ठेवली नाही. मालकी विकता येते म्हटल्यावर ती गहाण पडू लागली, कोर्टे आली तशी ती हातातून जाऊ लागली, आणि शतक संपेपर्यंत कितीतरी गावांची मालगुजारी शेती न करणाऱ्या सावकार आणि व्यापारी घराण्यांकडे गेली. कुळांचे हाल सरकारच्याही ध्यानात आले, म्हणून १८८३ साली कुळांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. नालवाडीहून काही मैलांवर याची एक ठळक खूण आहे. सेगावची मालगुजारी जमनालाल बजाज यांच्याकडे होती. १९३६ साली गांधीजी तिथे राहायला गेले आणि सेगावचे पुढे सेवाग्राम झाले. जमनालालजींनी आपला हक्क देशाच्या पायाशी वाहिला, म्हणून तो इतिहास उजळ आहे. पण कापसाचा व्यापार करणाऱ्या घराण्याकडे गावाची मालकी येऊ शकते, ही शक्यता १८६० च्या दशकातल्या बंदोबस्ताने उघडली होती. प्रत्येक गावाला जमनालाल मिळाले नाहीत.

कापसाचेही तसेच. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस मँचेस्टरला पोचेना, आणि हिंगणघाटच्या बनी कापसाला कधी न मिळालेला भाव आला. हा कापूस आधीपासून नावाजलेला होता. टेम्पलने तो निर्माण केला नाही. त्याच्या सरकारने केले ते हे, की कापूस लवकर आणि निर्भेळ मुंबईच्या बंदराला पोचावा म्हणून जे लागेल ते केले. रस्ते झाले, रिव्हेट-कारनॅकला कापूस कमिशनर नेमले, १८६५ साली नागपुरात प्रदर्शन भरले. १८६७ च्या फेब्रुवारीत भुसावळ-बडनेऱ्यावरून, वर्ध्यातून, आगगाडी नागपूरला पोचली. कोष्ट्यांनी वापरायचा कापूस आता विलायतेला जाऊ लागला आणि विलायती कापड त्याच गाडीने परत येऊ लागले. युद्ध संपताच भाव कोसळले, पण शेत आणि पैसा यांचा जो नवा सांधा जुळला होता तो सुटला नाही. त्यानंतर पन्नास-साठ वर्षांनी जन्मलेल्या चळवळीने याच जिल्ह्यात चरखा का उभा केला, विनोबांनी नालवाडीत सुताच्या मजुरीवर जगण्याचा हट्ट का धरला, हे या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे तो प्रयोग एका साधकाचा खासगी नेम राहत नाही. कापूस ज्या गावात पिकतो त्या गावात त्याची मजुरी राहावी, ही मागणी १८६० च्या दशकाने ज्यांच्याकडून काढून घेतले त्यांच्या बाजूने केलेली मागणी आहे.

आता टेम्पलच्या बाजूने जे बोलायचे ते पुरते बोलले पाहिजे. आपल्याकडे इंग्रज अधिकाऱ्यांवर लिहिताना दोनच सूर लागतात, एक शिव्यांचा आणि एक कौतुकाचा, आणि दोन्हींत अभ्यासाचे नुकसान होते. मध्य प्रांतात शिक्षण खाते याच काळात उभे राहिले. जंगलांची मोजदाद आणि राखण सुरू झाली, जमीनदाऱ्यांची पाहणी झाली. नागपूरचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ साली नदीत बुडून मेला, तेव्हा त्याने गोळा केलेली गोंडांची गाणी आणि टिपणे तशीच पडून राहिली असती. टेम्पलने ती स्वतः संपादून, टीपा देऊन १८६६ साली छापली. गोंडांच्या लिंगोची कथा त्या पुस्तकामुळे विद्वानांपुढे आली. हे काम करण्याची त्याच्यावर सक्ती नव्हती. त्याला निसर्गदृश्ये रंगवण्याचा नाद होता, प्रवासाच्या दैनंदिन्या तो निष्ठेने लिहीत असे. हा माणूस माणसांकडे आणि मुलखाकडे डोळे उघडे ठेवून पाहत होता. म्हणूनच पुढचा प्रसंग मला इतका महत्त्वाचा वाटतो. डोळे मिटलेल्या माणसाचा तो प्रसंग असता तर त्यातून शिकण्यासारखे फार नव्हते.

१८७३ साली बिहारात पाऊस हुकला. व्हाइसरॉय नॉर्थब्रुक याची भूमिका स्पष्ट होती की माणसे मरू द्यायची नाहीत. त्याने १८७४ च्या आरंभी टेम्पलला तिकडे पाठवले. टेम्पलने ब्रह्मदेशातून तांदूळ मागवला, वाहतुकीची घडी बसवली, कामे काढली, जे काम करू शकत नव्हते त्यांना फुकट धान्य दिले. खर्च सहा कोटी रुपयांच्या वर गेला. पण उपासमारीने मरणारे इतके थोडे निघाले की त्या शतकातल्या हिंदुस्थानात तसा दाखला दुसरा नाही. कौतुक व्हावे अशी ही गोष्ट. झाली टीका. एवढा पैसा का उधळला, धान्य उरले कसे, माणसे मेली नाहीत त्या अर्थी दुष्काळ खरा नव्हताच, असा सूर लंडनात आणि कलकत्त्यात लागला. टेम्पलने हा सूर ऐकला. दोनच वर्षांनी दख्खन आणि मद्रास इलाख्यात त्याहून मोठा दुष्काळ पडला. आता व्हाइसरॉय लिटन होता, खजिन्याची चिंता होती, दिल्लीला १ जानेवारी १८७७ चा दरबार व्हायचा होता. लिटनने मद्रासचा खर्च आवरायला टेम्पललाच पाठवले. मधल्या काळात त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला होता. टेम्पलने मद्रासेत जाऊन मदतीच्या कामांवरची माणसे मोठ्या संख्येने कमी केली, आणि कामावरच्या धडधाकट पुरुषाला दिवसाला एक रतल धान्य आणि वर एक आणा पुरे असे ठरवले. एक रतल म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाचे हे अन्न. जगभरच्या दुष्काळाच्या इतिहासात ते ‘टेम्पल रेशन’ या नावाने राहिले आहे.

एकच माणूस, मधली वर्षे तीन. बिहारात काय पुरते आणि काय पुरत नाही हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. ज्ञान कमी पडले असे म्हणता येत नाही. स्वभाव बदलला असेही म्हणता येत नाही, कारण त्याचे बाकीचे जीवन पूर्वीसारखेच चालू होते. बदलली ती वरची इच्छा. तिला त्याने १८७४ मध्ये जितक्या कसोशीने वाहून घेतले तितक्याच कसोशीने १८७७ मध्ये वाहून घेतले. कोणी म्हणेल, खर्चाच्या टीकेतून त्याची खरोखरच खात्री पटली असेल की कमी अन्नात भागते. त्याला दुटप्पी का ठरवता? मी त्याला दुटप्पी ठरवत नाही. त्याची खात्री पटली असेल असे मीही समजतो. पण ती खात्री कोणाच्या बोलण्याने पटली ते पाहा. ज्याच्या ताटात ते एक रतल पडणार होते त्याचा शब्द तिच्यात नव्हता.

त्या काळातल्या माणसाला आजच्या मापाने मोजू नका, हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत सोयीचा. त्याचे उत्तर त्या काळातच आहे. मद्रास इलाख्याचा सॅनिटरी कमिशनर डॉक्टर कॉर्निश हा टेम्पलसारखाच इंग्रज, त्याच सरकारचा नोकर. या रेशनवर कष्ट करणारा माणूस जगत नाही हे त्याने शरीरशास्त्राच्या आधारे आणि तुरुंगातल्या आहाराशी तुलना करून लेखी मांडले. काही महिन्यांत मद्रास सरकारला रेशन वाढवावे लागले. आणि पुण्यात सार्वजनिक सभा होती. गणेश वासुदेव जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून सरकारकडे दुष्काळाची हकिगत पाठवली. १८७७ च्या आरंभी दख्खनात मजुरी कापली गेली तेव्हा कामावरचे हजारो लोक काम सोडून उठले, आणि सभेने त्यांची बाजू सरकारपुढे धरली. तेव्हा आजचे माप लावायची गरज नाही. त्याच वर्षीचे, त्याच मातीतले माप हजर होते, ते मराठीत आणि इंग्रजीत लिहून सरकारच्या टेबलावर ठेवलेले होते. १८८० च्या दुष्काळ आयोगाने ब्रिटिश मुलखातल्या जास्तीच्या मृत्यूंचा अंदाज पन्नास लाखांच्या वर धरला. सरकारने नेमलेल्या आयोगाचा हा आकडा आहे.

मद्रासहून टेम्पल मुंबईच्या गव्हर्नरपदावर आला. इथली तीन वर्षे मी थोडक्यात सांगतो, कारण ती मराठी वाचकाला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहेत. दौंड-मनमाड लोहमार्ग दुष्काळी कामातून झाला. दुसऱ्या अफगाण युद्धासाठी सिंधच्या वाळवंटातून सिबीपर्यंत लोहमार्ग विक्रमी वेगाने टाकला गेला, आणि त्यावर टेम्पलने जातीने देखरेख ठेवली. लष्कराची निकड असली की काय होऊ शकते, हे त्यात दिसले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांनी बंड केले. गव्हर्नराच्या डोक्यावर इनाम लावणारा जाहीरनामा काढला. पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा पेटले. न्यायमूर्ती रानडे यांच्यावर संशय घेऊन त्यांची धुळ्याला बदली झाली. फडक्यांनी स्वतः लिहून ठेवलेल्या हकिगतीत दुष्काळात तडफडणाऱ्या माणसांचे दुःख पानोपानी आहे. टेम्पलने मात्र लिटनला कळवले ते पुण्याच्या ब्राह्मणांच्या जुन्या महत्त्वाकांक्षेबद्दल. भुकेचे कारण त्याला जातीच्या कटात दिसले. ज्याला खालून कोणी जाब विचारत नाही त्याला खालचा आवाज कटासारखाच ऐकू येतो, एवढेच त्यातून मी काढतो.

याच काळातला एक कायदा मात्र त्याच्या बाजूला घालावा लागेल. १८७५ च्या मे महिन्यात सुप्यापासून दख्खनचे दंगे सुरू झाले होते, शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा त्यातून आला आणि टेम्पलचा त्याला पाठिंबा होता. पण इथेही थोडे थांबले पाहिजे. दख्खनात रयतवारी होती, शेतकऱ्याच्या स्वतःच्या नावावर जमीन. वर्ध्याला मालगुजारी, मालक मधला माणूस. दोन्ही पद्धती एकमेकींच्या उलट. तरी दोन्हींचा शेवट एका ठिकाणी झाला, जमीन विकाऊ झाली आणि सावकाराच्या हाती गेली. टेम्पलने आयुष्यात दोन्ही राबवल्या. त्याला एका प्रांतातल्या अनुभवाने दुसऱ्या प्रांतात सावध करता आले असते. दख्खनच्या शेतकऱ्याचे ऐकले गेले ते खतपत्रे जळाल्यावर. वर्ध्याच्या कुळाने काही जाळले नाही. त्याला संरक्षण मिळायला १८८३ उजाडले, तेही पुढच्या कायद्यांनी पुन्हापुन्हा दुरुस्त करावे लागले.

एक आक्षेप अजून राहतो आणि तो आपल्याच बाजूचा आहे. भोसल्यांचे राज्य तरी कोणाला जाब देत होते? ठेक्याच्या बोलीने गाव पिळले जात होते, उतरत्या काळातला अंमल रयतेला सुखाचा नव्हता, हे मला मान्य आहे आणि ते झाकून ठेवण्याचे काही कारण नाही. फरक इतकाच की त्या जुलमाची पोच मर्यादित होती. राजा नागपुरात होता, त्याचे देऊळ, त्याचा बाजार, त्याची फौज त्याच मुलखावर जगत होती. मुलूख उजाड झाला तर त्याचीच चूल विझत होती. गाव ओस टाकून दुसऱ्या अमलात निघून जाणे हे रयतेचे शेवटचे हत्यार होते आणि ते राजाला लागत असे. इंग्रजी राज्यात त्या हत्याराला धार उरली नाही, कारण जिथे जाल तिथे तोच अंमल. नव्या राज्यकर्त्याची चूल दुसऱ्या खंडात पेटत होती. राज्यकर्ता परका होता म्हणून मी त्याला दोष देतो असे नाही. त्याच्यापर्यंत पोचण्याच्या सगळ्या वाटा वरून खाली येणाऱ्या होत्या आणि खालून वर जाणारी एकही वाट बांधली गेली नाही, हा माझा मुद्दा आहे.

मार्च १८८० मध्ये टेम्पलने मुंबईचे गव्हर्नरपद मुदत संपण्याआधी सोडले. कारण इंग्लंडात पार्लमेंटची निवडणूक होती आणि त्याला वुस्टरशायरमधून उभे राहायचे होते. तो उभा राहिला आणि पडला. पुढे १८८५ साली त्याच भागातल्या इव्हशॅमच्या मतदारांनी त्याला निवडून दिले आणि १८९५ पर्यंत तो पार्लमेंटात राहिला. मतदारांपुढे जाऊन मत मागणे म्हणजे काय, नकार ऐकून घरी बसणे म्हणजे काय, हे त्याला आपल्या गावी कळले. हिंदुस्थानात त्याने तीस वर्षांहून अधिक काळ कोट्यवधी माणसांचा कारभार पाहिला; त्यांतल्या एकालाही त्याला नकार देण्याचा हक्क नव्हता. १९०२ साली तो वारला.

त्याने स्वतःबद्दल पुष्कळ लिहिले आहे. आपल्या काळातल्या माणसांवर आणि घटनांवर १८८२ साली, आपल्या आयुष्यावर १८९६ साली. ती पुस्तके वाचनीय आहेत आणि या अभ्यासात ती वापरावीच लागतील. पण वर्ध्याच्या वाचकाला माझे सांगणे आहे की त्यांच्याबरोबर दुसरी एक वाचनसामग्री हातात घ्या. बंदोबस्ताचे कागद, गावोगावच्या वाजिब-उल-अर्जातली निस्ताराची, म्हणजे चराई-सरपणाच्या वहिवाटीची, नोंद, कोणत्या साली गाव कोणाच्या नावावर होते आणि ते कसे बदलले याच्या नोंदी, घराघरांत कुठेतरी ट्रंकेच्या तळाशी असलेली पावती. टेम्पलच्या कारकिर्दीचा जो भाग इंग्रजीत लिहिला गेला नाही तो तिथे आहे. आपल्या गावच्या जुन्या कागदांना वाळवी लागण्याआधी ते उघडा, वाचता येत नसतील तर मोडी आणि उर्दू वाचणाऱ्याला बोलवा, आणि आजोबांकडून ऐकलेली जमिनीची हकिगत त्यांच्या शेजारी लिहून ठेवा.

टेम्पल १८६७ साली नागपूर सोडून हैदराबादला गेला. त्याच्या काळात लिहिली गेलेली मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली.